कुत्र्यासमोर दूध-पोळीची वाटी ठेवण्याआधी

रात्री अडीचच्या सुमारास कुत्रं दार खरवडतं. खाली नेलं की घाईघाईने पातळ शी करतं. पोटातली गुडगुड शेजारी उभं राहिलं तरी ऐकू येते. सकाळी घरात चर्चा होते ती कालच्या चिकनची, नाहीतर फिरताना कचऱ्यात घातलेल्या तोंडाची. संध्याकाळच्या दूध-पोळीवर कुणाचाच संशय जात नाही, कारण ती रोजचीच असते. आमच्या राणीच्या बाबतीत हे जवळजवळ चार महिने चाललं. जंताचं औषध झालं, चिकन बंद करून झालं, खाण्याचा ब्रँड बदलून झाला. शेवटी दूध थांबवलं आणि तिसऱ्या दिवशी शी बांधून झाली.

दूध, दही, पनीर हे निरोगी कुत्र्यासाठी विष नाही. बिघडतं ते आपल्या देण्याच्या पद्धतीत. चाचणी न करता सुरू करायचं, माप न ठेवता वाढवायचं आणि खाऊ म्हणून द्यायच्या गोष्टीचं जेवण करून टाकायचं, हे घरोघरी चालतं.

मुळातलं कारण एवढंच. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य लागतं. पिल्लू आईचं दूध पितं तोवर ते भरपूर असतं. दूध सुटलं की कमी होत जातं. कुणात थोडं उरतं, कुणात जवळजवळ नाही. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते आणि तिथले जिवाणू ती आंबवतात. म्हणून गॅस, गुडगुड, पातळ शी. एकाच वेतातल्या दोन भावंडांचंही या बाबतीत सारखं नसतं, त्यामुळे शेजारच्यांचा कुत्रा रोज अर्धा लिटर पितो हा पुरावा तुमच्या कुत्र्यासाठी उपयोगाचा नाही.

टप्पा १ : कुणाला द्यायचंच नाही, ते आधी ठरवा

पुढचं सगळं वाचण्याआधी ही यादी पाहा. यातलं काही लागू होत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुधाचा पदार्थ देऊ नका.

- आधी कधी स्वादुपिंडाला सूज आली आहे, किंवा रक्तात चरबी जास्त आढळली आहे.
- वजन जास्त आहे. बरगड्यांवरून हात फिरवला तर त्या सहज जाणवायला हव्यात. चाचपाव्या लागत असतील तर वजन जास्त आहे.
- कायम खाजवतो, पंजे चाटतो, कान पुन्हा पुन्हा लाल होतात.
- मूत्रपिंडाच्या आजारासाठी वेगळा आहार सुरू आहे.
- सध्या जुलाब किंवा उलट्या चालू आहेत.

खाजेबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे फार गोंधळ होतो. दुधाची साखर न पचणं वेगळं आणि दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी वेगळी. पहिलं पोटात दिसतं. दुसरं बहुतेकदा कातडीवर आणि कानात दिसतं. कुत्र्यांना ज्या अन्नांची ॲलर्जी सर्वांत जास्त आढळते, त्यांत बीफ आणि चिकनच्या बरोबरीने दुधाचं नाव आहे. अशा कुत्र्याला लॅक्टोज-फ्री दूध आणून काही साधत नाही. साखर गेली तरी प्रथिनं तिथेच असतात. ॲलर्जी आहे की नाही हे ठरवायला डॉक्टर साधारण ८ आठवडे काटेकोर वेगळा आहार देतात. त्या काळात चमचाभर दह्यानेही सगळी मेहनत वाया जाते.

सावधान : लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि उग्र वासाचे किंवा रक्ताचे जुलाब होत असतील, तर "दूध बाधलं असेल" म्हणून दही-भातावर दोन दिवस काढू नका. तो पार्वो हा विषाणूचा आजार असू शकतो. पार्वोत पिल्लू काही तासांत कोरडं पडतं. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.

टप्पा २ : दहा दिवस दूध पूर्ण बंद

चाचणी करायची तर आधी पोट शांत हवं. सध्या दूध चालू असेल तर दहा दिवस सगळे दुग्धपदार्थ थांबवा. सगळे म्हणजे सगळे. चहात बुडवलेलं बिस्किट, आजींच्या ताटातला ताक-भाताचा घास, भांडी घासायला येणाऱ्या मावशी पातेल्याला लागलेली साय चाटायला देतात ती, आणि वॉचमनकाकांकडचा सकाळचा चहासुद्धा. ही खाणी मोजली जात नाहीत, म्हणूनच चाचणी फसते. फ्रिजवर मोठ्या अक्षरात कागद लावा आणि आजींना आधी नीट कारण समजावून सांगा. त्यांच्या मायेत खोट नाही. त्यांना "देऊ नका" म्हणण्यापेक्षा "हे द्या" म्हणून उकडलेल्या गाजराचे तुकडे हातात दिले तर जास्त चालतं.

दुधाची सवय लागलेला कुत्रा कोरड्या पोळीकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा वेळी मीठ, कांदा, लसूण न घालता चिकन उकडा आणि ते पाणी पोळीवर किंवा भातावर घाला. शाकाहारी घरात भोपळा मऊ शिजवून कुस्करून घाला; अंडं चालत असेल तर उकडून कुस्करा. एखाद्या वेळेला जेवला नाही तर घाबरून लगेच दूध ओतू नका, नाहीतर रुसलं की दूध मिळतं हेच तो शिकतो. मात्र सलग २४ तास काहीच खाल्लं नाही, तर प्रश्न दुधाचा नाही, डॉक्टरांना दाखवा.

तपासा : दहा दिवसांनी शी कशी आहे? कागदाने किंवा पिशवीने उचलताना आकार टिकतो, जमिनीवर फारसा डाग राहत नाही, ही चांगली शी. दूध बंद करूनही ती पातळच राहिली, तर कारण दुसरं आहे. जंत, जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी), आतड्याचा आजार, काहीही असू शकतं. शीचा ताजा नमुना डबीत घेऊन दवाखान्यात जा. चाचणी पुढे नेऊ नका.

जाता जाता एक. "दुधाने जंत होतात" हे खरं नाही. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच किंवा तिच्या अंगावरच्या दुधातून मिळतात, नंतर मातीतूनही. म्हणून पिल्लाचं जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासूनच सुरू करतात. दूध बंद केलं म्हणून ते औषध चुकवू नका.

टप्पा ३ : कोणता पदार्थ, ते निवडा

एका वेळी एकच निवडा. दही आणि पनीर एकाच आठवड्यात सुरू केलं, तर बिघडलं कशाने हे कधीच कळणार नाही.

*दूध :* १०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण पावणेपाच ग्रॅम लॅक्टोज असतं. म्हशीच्या दुधात तेवढंच, शिवाय चरबी जवळजवळ दुप्पट. शेळीचं दूध हलकं म्हणून मुद्दाम लांबून आणतात, पण त्यातलं लॅक्टोज किंचितच कमी असतं. उकळल्याने लॅक्टोज जात नाही. पाणी घातल्यानेही जात नाही; कपभर दूध दोन कप पाण्यात मिसळून सगळं पाजलं, तर साखर पोटात गेली ती कपभर दुधाचीच. द्यायचंच असेल तर लॅक्टोज-फ्री दूध वापरा. कच्चं दूध मात्र कधीच नाही. त्यातून साल्मोनेला, ब्रुसेला यांसारखे जंतू कुत्र्याला होतात आणि त्याच्याकडून घरातल्यांनाही.

*दही :* विरजणातले जिवाणू थोडी साखर खाऊन टाकतात, म्हणून बऱ्याच कुत्र्यांना दूध बाधतं पण दही चालतं. घरचं, साधं, बिनसाखरेचं. बाजारातलं फळांचं योगर्ट नको.

*चक्का :* कापडात बांधून टांगलेलं दही. पाण्याबरोबर आणखी साखर निघून जाते. संवेदनशील पोटासाठी मी आधी हाच सुचवतो. चक्का घट्ट असतो, त्यामुळे दह्याच्या निम्मंच माप घ्या.

*ताक :* लोणी काढलेलं, पातळ, बिनमिठाचं ताक चालतं. आपण पितो ते आलं-मिरची-मीठ घातलेलं, जिरं-हिंगाची फोडणी दिलेलं ताक आणि लसूण लावलेला मठ्ठा देऊ नका.

*पनीर :* लॅक्टोज कमी, कारण बरंचसं पाण्यात वाहून जातं. चरबी मात्र भरपूर; १०० ग्रॅमला २६० ते ३०० कॅलरी. इथे एक चूक अगदी चांगल्या हेतूने होते. घरी पनीर केलं की उरलेलं पाणी "पौष्टिक" म्हणून कुत्र्याच्या भातावर ओततात. पनीरमधून निघालेली साखर त्याच पाण्यात असते. ते पाणी कणीक मळायला वापरा, कुत्र्याला नको.

*चीज :* मीठ जास्त. नखाएवढा तुकडा कधीतरी, शिकवताना बक्षीस म्हणून, एवढंच.

*तूप, लोणी, साय :* तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतं, म्हणून लोक बिनधास्त घालतात. पण ही निव्वळ चरबी आहे. सणावाराला पुरणपोळीवर सढळ हाताने ओतलेलं तूप कुत्र्याने चाटून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी उलट्या, पोटदुखी सुरू झाली, असं होतं. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून तो पुन्हा पुन्हा तसाच उभा राहत असेल, तर पोट दुखतंय असं समजा आणि वेळ घालवू नका. स्वादुपिंडाची सूज जीवघेणी ठरू शकते.

सावधान : श्रीखंड, बासुंदी, खीर, पेढे, आइस्क्रीम यांतलं काहीही नको. प्रश्न फक्त साखरेचा नाही. बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात आणि किती खाल्ल्याने बाधतील याचा भरवसा देता येत नाही. जायफळ जास्त गेलं तर बाधतं. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन विषारी आहे. "शुगर फ्री" आइस्क्रीममध्ये साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असेल, तर रक्तातली साखर झपाट्याने उतरून कुत्रा कोसळतो. कढी आणि रायत्यात कांदा-लसूण असतो, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. चहात कॅफिन असतं.

टप्पा ४ : चमच्याने चाचणी

सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू करा, म्हणजे दिवसभर लक्ष राहील. त्या आठवड्यात लस, प्रवास, नवीन खाणं काही नको.

१. पहिला दिवस : नेहमीचं जेवण झाल्यावर, रिकाम्या पोटी नाही, १० किलोच्या कुत्र्याला १ छोटा चमचा दही. ५ किलोच्या आतला असेल तर पाव चमचा.

२. दुसरा दिवस : काहीही देऊ नका. फक्त पाहा.

३. तिसरा दिवस : दोन छोटे चमचे.

४. चौथा दिवस : पुन्हा विश्रांती.

५. पाचवा दिवस : एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. यात लॅक्टोज पाऊण ग्रॅमहूनही कमी असतं. पावशेर दुधाच्या वाटीत ते १२ ग्रॅमच्या आसपास जातं. चमच्यावर ठीक असलेला कुत्रा वाटीवर का बिघडतो, ते या दोन आकड्यांत आहे.

लॅक्टोज बाधणार असेल तर त्रास बहुधा त्याच दिवशी, बारा तासांच्या आत दिसतो. जेवणानंतर दोन-तीन तासांनी तो आडवा पडलेला असताना पोटावर कान ठेवा. थोडी हालचाल नेहमीच ऐकू येते. पण पाण्याच्या नळात हवा अडकल्यासारखी सलग गुडगुड, पोट फुगल्यासारखं, वारंवार वारा सुटणं, गवत खायची धडपड, हे सगळं नोंदवा.

तपासा : एकदा पातळ शी झाली तर तिथेच थांबा. पोट चार-पाच दिवस ठीक राहू द्या, मग हवं तर चक्का किंवा पनीर घेऊन पहिल्यापासून चाचणी करा. त्यानेही बिघडलं, तर या कुत्र्याला दूध नाही. यात त्याचं काहीही नुकसान नाही. संपूर्ण आहार मिळणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दुधाची गरजच नसते.

"हळूहळू सवय होईल" म्हणून जुलाब चालू असताना रेटू नका.

टप्पा ५ : रोजचं माप

दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त वरखाऊ नको, हा नियम पाळा. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी पुरतात. म्हणजे वरखाऊला ६० उरल्या. त्या ६० म्हणजे २० ग्रॅम पनीर, किंवा गाईच्या दुधाचं साधारण १०० ग्रॅम दही. एक छोटा चमचा तूप घातलं तर ४५ तिथेच संपल्या. आणि या ६० मध्ये बिस्किटं, च्यूस्टिक, मुलांच्या हातून मिळणारे तुकडे सगळेच आले. म्हणून मी १० किलोला दोन मोठे चमचे दही किंवा १० ग्रॅम पनीर, तेही आठवड्यातून तीन-चारदा, याच्या पुढे जात नाही. पाच किलोच्या पॉमेरेनियनला याच्या निम्मं. लॅब्रेडॉरचं वजन पाहून वाढवू नका. बहुतेक घरच्या लॅबना वाढवण्यापेक्षा कमी करण्याची गरज असते.

आता दूध-पोळीकडे पाहा. पावशेर म्हशीचं दूध आणि दोन पोळ्या मिळून ४५० कॅलरींच्या वर जातात. दहा किलोच्या कुत्र्याचा दिवस तिथेच जवळजवळ भरला. पोट भरलं, वजन वाढलं, पण लोह, जस्त, तांबं यांची तूट राहिली. वाढत्या पिल्लात ती लवकर दिसते. केस निस्तेज होतात, पिल्लू पोटाला गोल आणि पाठीला हडकुळं दिसतं. दूध-पोळी कधीतरीचा घास राहू दे, जेवण नको.

याच्या उलट चूक मोठ्या जातीच्या पिल्लांची. जर्मन शेफर्डचे कान उभे राहावेत, ग्रेट डेनची हाडं भक्कम व्हावीत म्हणून चांगल्या पपी फूडच्या वर दूध आणि त्याच्यावर कॅल्शियमचं सिरप देतात. मोठ्या जातीच्या पिल्लाला आतड्यातून जादा कॅल्शियम शोषलं जाणं नीट रोखता येत नाही आणि हाडांची वाढच वाकडी होते. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय कॅल्शियम नको.

टप्पा ६ : औषध दुधातून द्यायचं नाही

गोचीड ताप आपल्याकडे फार. त्यावर डॉक्टर बहुतेकदा डॉक्सिसायक्लिन देतात, तीन-चार आठवडे. गोळी कडू, कुत्रा थुंकतो, म्हणून घरचे ती पनीरच्या तुकड्यात खुपसतात किंवा दुधात विरघळवतात. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं. एन्रोफ्लोक्सासिनसारख्या प्रतिजैविकांचंही तसंच. ताप उतरत नाही, प्लेटलेट वाढत नाहीत आणि सगळे औषधालाच दोष देतात.

गोळी उकडलेल्या चिकनच्या गोळ्यात, उकडलेल्या बटाट्यात किंवा मऊ भाकरीच्या लहानशा गोळीत द्या. आधी एक रिकामा गोळा, मग औषधाचा, लगेच तिसरा रिकामा. तिसऱ्याच्या नादात दुसरा गिळला जातो. वर थोडं पाणी पाजा. त्या दिवशी दही द्यायचंच असेल, तर औषधाच्या आधी-नंतर किमान दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी घेताना हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा.

सावधान : कुत्र्याने उंदराचं औषध किंवा कीटकनाशक खाल्लं, तर उतारा म्हणून दूध पाजू नका. दूध विष मारत नाही. चरबीत विरघळणारं विष त्याने जास्त शोषलं जाऊ शकतं. उंदराच्या औषधात झिंक फॉस्फाइड असेल, तर पोटात अन्न गेल्यावर वाढणाऱ्या आम्लाने विषारी वायू आणखी तयार होतो. गुंगीतला कुत्रा ते दूध फुप्फुसातही ओढतो. विषाचं पाकीट बरोबर घ्या आणि दवाखान्यात निघा. वाटेतून फोन करा.

टप्पा ७ : आईविना पिल्लं

इथे दुधाची चूक जीव घेते, म्हणून सविस्तर लिहितो. पार्किंगमध्ये खोक्यात पिल्लं दिसतात, डोळे मिटलेले, कुईकुई चाललेली. कुणीतरी बशीत फ्रिजमधलं दूध आणतं.

१. आधी लांब उभं राहून वाट पाहा. आई खायला गेलेली असते. माणसं जवळ असली तर ती येत नाही. पिल्लं गुबगुबीत आणि शांत असतील, तर काही तास थांबा. उन्हात, पावसात किंवा गाडीच्या चाकाखाली असतील तर हलवा, पण जवळच्याच आडोशाला.

२. आई नाहीच असं ठरलं, तर पहिलं काम दूध नाही, ऊब. पिल्लाच्या तोंडात करंगळीचं टोक घाला. आतून गार लागलं, तर त्याला अजिबात पाजू नका. गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला दूर सरकता येईल. अंग हळूहळू तापू द्या.

३. गाईचं दूध नको. कुत्रीच्या दुधात चरबी साधारण ९ टक्के, प्रथिनं ७-८ टक्के आणि लॅक्टोज साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. गाईच्या दुधात चरबी आणि प्रथिनं निम्म्याहून कमी, साखर मात्र जास्त. पिल्लू उपाशीही राहतं आणि त्याला जुलाबही होतात. पाळीव प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात पिल्लांसाठीची, आईच्या दुधाऐवजी द्यायची मिल्क रिप्लेसर पावडर मिळते. पाकिटावरच्या मापानेच कालवा. घट्ट केली तर पोट बिघडतं, पातळ केली तर वजन वाढत नाही.

४. दूध कोमट करा, मनगटावर थेंब टाकून पाहा. पिल्लाला पोटावर ठेवूनच पाजा, आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं पाठीवर धरलं तर दूध श्वासनलिकेत जातं. सिरिंजने जोरात ढकलू नका. नाकातून दुधाचे बुडबुडे आले की लगेच थांबा, डोकं थोडं खाली करा, नाक पुसा. त्यानंतर श्वास घरघरू लागला, तर ताबडतोब डॉक्टर.

५. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूची जागा हळूहळू पुसा. एवढ्या लहान पिल्लाला ते आपलं आपण होत नाही. आई चाटून करवते.

६. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. निरोगी पिल्लाचं वजन पहिल्या आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट होतं. एक दिवसही वजन उतरलं, तर वाट पाहू नका.

७. साडेतीन-चार आठवड्यांपासून पपी फूड कोमट पाण्यात किंवा रिप्लेसरमध्ये भिजवून, बोटाने मोडेल इतकं मऊ करून उथळ ताटलीत ठेवा. पहिले दोन दिवस पिल्लं त्यात चालतील, नाक बुडवतील, एकमेकांना चाटतील. खाल्ल्यावर ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा, कारण ओलं पिल्लू पुन्हा गार पडतं. सहा ते आठ आठवड्यांत बाटली पूर्ण सुटते. त्यानंतर ताटलीशेजारी स्वच्छ पाण्याचं भांडं ठेवा, दुधाचं नको.